कारभार करणारी स्त्री आणि आपले चरित्रवाङ्मय

मराठीत अधिकारपदाच्या नावाला ‘ईण’ हा प्रत्यय लागला म्हणजे जी स्त्री सिद्ध होते ती बहुधा त्या पदावर बसलेली नसते; त्या पदावर बसलेल्याच्या घरात असते. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, देशमुखीण देशमुखाची, सावकारीण सावकाराची. ‘कारभारीण’ या शब्दात तर या प्रवृत्तीचा कळस झाला आहे. कारभारी म्हणजे राज्याचा अथवा घराण्याचा व्यवहार पाहणारा पुरुष. कारभारीण म्हणजे त्याची गृहिणी, मग तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असो वा नसो. याच्या शेजारी कोळीण आणि माळीण हे शब्द ठेवून पाहावेत. कोळीण स्वतः मासळी विकते, माळीण स्वतः फुले विकते. जेथे अंगमेहनत आहे तेथे भाषेने स्त्रीला तिचा धंदा दिला. जेथे हुकमत आहे तेथे मात्र लग्नाच्या वाटेनेच तिला आत घेतले. शाळेत लिंगविचार शिकविताना आम्ही मास्तर मंडळी ही सारी उदाहरणे एकाच ओळीत फळ्यावर लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

या नियमाला एक सन्मान्य अपवाद आमच्याच व्यवसायाने दिला आहे. ‘मास्तरीण’ हा शब्द मास्तरांच्या पत्नीलाही लागत असे; परंतु गावोगावच्या मुलींच्या शाळांत स्त्रिया शिकवू लागल्या आणि तो शब्द शिकविणारीचा झाला. काम दिसू लागले म्हणजे शब्द आपोआप सरळ होतो, असे यावरून वाटते. पण हा क्रम सर्वत्र घडलेला नाही. ‘अभिनेत्री’ हा शब्द आपल्या जिभेवर रुळला; ‘नेत्री’ काही रुळला नाही. वृत्तपत्रे ‘नेत्या’ असे आदरार्थी रूप योजून वेळ मारून नेतात. 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा या पदनामाचे स्त्रीलिंगी रूप काय करावे यावर जी चर्चा आणि जी थट्टा झाली ती वाचकांस आठवत असेल. शब्दांचा हा प्रश्न क्षुल्लक आहे असे मानणाऱ्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या कुलगुरुपदी 1949 मध्ये आलेल्या हंसाबेन मेहता यांचे स्मरण करावे. मानवी हक्कांच्या 1948 च्या जागतिक जाहीरनाम्याचा मसुदा होत असता पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ या अर्थाचे इंग्रजी शब्द काढून तेथे ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द त्यांच्या आग्रहाने आले. मराठीची अडचण याहून गमतीची आहे. आपल्याकडे ‘माणूस’ म्हटल्यावरही स्त्रीसाठी ‘बाईमाणूस’ असा जोडशब्द वेगळा ठेवावा लागतो.

परंतु आमचा विषय व्याकरणाचा नाही. अधिकार गाजविणाऱ्या स्त्रीकडे मराठी समाज कोणत्या नजरेने पाहत आला, याचा पुरावा आम्ही आपल्या चरित्रवाङ्मयात शोधू इच्छितो. कारण समाज एखाद्या व्यक्तीविषयी काय लक्षात ठेवू इच्छितो आणि काय विसरू इच्छितो हे चरित्रग्रंथांत जितके स्पष्ट उमटते तितके अन्यत्र उमटत नाही. आमचा आरोप अनादराचा नाही. आदर उदंड आहे. आरोप असा की, या आदराने स्त्रीचे नाते अथवा तिचे देवत्व पाहिले आणि तिचा कारभार पाहिलाच नाही.

आम्हां माळव्यातील मराठी मंडळींना याचे पहिले उदाहरण दूर शोधावयास नको. अहिल्याबाई होळकरांनी 1767 पासून 1795 पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, महेश्वरी बसून राज्य चालविले. काशी, गया, सोमनाथ येथील देवळे आणि नद्यांवरचे घाट ही त्यांची कीर्ती लहान मुलासही ठाऊक आहे. त्यांना देवी म्हटले गेले, पुण्यश्लोक म्हटले गेले, मातोश्री म्हटले गेले. इंदूरचे विद्यापीठ त्यांच्या नावाचे आहे आणि 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नावही अहिल्यानगर झाले. 2025 मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे झाली तेव्हा व्याख्यानांचा पाऊस पडला. परंतु हा दानधर्म कोणत्या पैशातून झाला? होळकरांच्या खासगीच्या उत्पन्नातून. दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगी वेगळी, हा भेद बाईंनी कसोशीने पाळला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि खजिना बाईंकडे. त्यामुळे मोहिमेवरून पैशाची मागणी आणि महेश्वराहून हिशेबाची मागणी असा झगडा वर्षानुवर्षे चालला. सेनापतीकडून हिशेब मागणे हे राज्यकर्त्याचे सर्वांत अवघड काम होय. पण आमच्या व्याख्यानांत त्याला दोन वाक्येही मिळत नाहीत. सर जॉन माल्कम यांनी मध्य हिंदुस्थानावरील आपल्या 1823 च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, बाईंची स्तुती अतिशयोक्त असावी अशी शंका घेऊन त्यांनी चौकशी केली आणि चौकशीबरोबर आदर वाढतच गेला. बाई रोज उघड दरबारात बसून कामकाज पाहत, ही गोष्ट त्यांनी आवर्जून नोंदविली. परक्या अधिकाऱ्याचे लक्ष दरबाराकडे गेले आणि आमचे घाटाच्या पायऱ्यांवर खिळून राहिले.

देवत्वाचा आणखी एक तोटा असा की, देवीला प्रश्न विचारता येत नाही. 1793 मध्ये लाखेरीस शिंद्यांच्या फौजेने होळकरांचा पराभव केला. महादजींनी कवायती पलटणी उभ्या केल्या असताना होळकरांची फौज मागे का राहिली? त्यात तुकोजींचा वाटा किती, खजिन्याची किल्ली धरून बसलेल्या बाईंचा किती? हा प्रश्न एखाद्या पुरुष राज्यकर्त्याविषयी कोणीही सहज विचारील. बाईंविषयी तो विचारला तर सभेत कुजबुज होते, हा आमचा अनुभव आहे. आमच्या मते तो विचारण्यातच बाईंचा खरा मान आहे.

जिला देवी करता आले नाही तिचे काय झाले? ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे उदाहरण पाहावे. दौलतराव 1827 मध्ये वारले. त्यानंतर 1833 पर्यंत ग्वाल्हेरचे राज्य बायजाबाईंनी पाहिले. उज्जैनीस आणि काशीस त्यांच्या सराफी पेढ्या होत्या. पैशाचा व्यवहार त्यांना जितका कळे तितका त्या काळच्या थोड्या संस्थानिकांना कळत असेल. दत्तक घेतलेला मुलगा सज्ञान होऊ लागल्यावर त्यांनी अधिकार सोडला नाही, आणि अखेर त्यांना राज्याबाहेर जावे लागले. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी त्यांचे चरित्र 1902 मध्ये लिहिले, हे त्यांचे उपकार होत. तरीही सामान्य मराठी वाचकास हे नाव विचारले तर तो गोंधळतो. सत्तेचा लोभ आणि द्रव्याचा लोभ हे दोष पुरुष राज्यकर्त्यांच्या चरित्रात मुत्सद्देगिरीच्या सदरात जमा होतात. बायजाबाईंच्या खाती ते नावे पडले.

गंमत अशी की, मराठी गद्यातील एक अमूल्य पुस्तक बायजाबाईंमुळेच जन्मास आले. त्या मथुरेस मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा भरपूर मिळेल अशी वार्ता ऐकून वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडून झाशीस पोचले. पुढे पंचवीस-एक वर्षांनी त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये भाषेवर हात फिरवून प्रसिद्ध केला. मूळ पोथीबरहुकूम आवृत्ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढली. कारभार करणारी स्त्री मराठी माणसाने डोळ्यांनी पाहून कशी वर्णिली याचा याहून चांगला नमुना आम्हांस माहीत नाही.

गोडसे भटजी काही सुधारक नव्हते. दक्षिणेच्या आशेने निघालेला हा कोकणातला भिक्षुक. सोवळे-ओवळे, तिथी-वार सांभाळणारा. परंतु राणी लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमाकडे तो ज्या कुतूहलाने पाहतो त्यात आश्चर्याचा अतिरेक नाही आणि उपदेशही नाही. पहाटेची तालीम, घोड्याची रपेट, स्नान, पूजा, भोजन, आणि मग दरबार, हा क्रम तो एखाद्या संस्थानिकाचा सांगावा तसा सांगतो. बाईसाहेब कधी पायजमा, अंगरखा घालून कमरेस तलवार लावीत, कधी लुगडे नेसत, हेही त्याच सुरात येते. दरबाराचे त्याचे वर्णन तर दप्तरातील कारकुनाने लिहावे इतके नेटके आहे. दालनाच्या दारास पडदा, आत गादीवर बाई, बाहेर कागदपत्र घेऊन दिवाण व त्यामागे लिहिणारे. प्रकरण ऐकताच बाई त्यातील मर्म ओळखून हुकूम सांगत, प्रसंगी स्वहस्ते लिहीत. दिवाणी आणि फौजदारी दोन्ही न्याय त्यांच्यापुढे चालत. थंडीच्या दिवसांत देवीच्या दर्शनास जाताना भिकाऱ्यांचा जमाव दिसला तर त्यांना टोपी, बंडी, घोंगडी देण्याची व्यवस्था होते. वेढा पडल्यावर तटाला पडलेली खिंडारे रात्री गवंडी लावून भरून काढली जातात. या प्रत्येक नोंदीत बाई दिसते ती निर्णय घेताना दिसते. आणि झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर धुळीने भरलेली, तहानेने व्याकूळ झालेली तीच बाई विहिरीवर भटजींना भेटते आणि विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणते, तेव्हा वाचकाचा कंठ दाटतो. कारण तिचे राज्य म्हणजे काय होते हे त्याने मागील प्रकरणांत पाहिलेले असते.

या पुस्तकानंतर आमच्या नाटक-कादंबऱ्यांतली लक्ष्मीबाई पाहावी. हिंदी कवितेने घरोघरी पोचविलेले ‘मर्दानी’ हे विशेषण तिला कायमचे चिकटले आहे. तलवार, घोडा, पाठीशी बांधलेले मूल, एवढ्यात ती संपते. पराक्रमी स्त्रीस पुरुष म्हणून गौरविणे हा गौरव कसला? भिक्षुकाला दिसलेली पडद्याआडची न्यायाधीश नाटककारांना दिसली नाही, कारण फौजदारी प्रकरणाच्या निकालावर टाळी पडत नाही.

हा दोष केवळ पुरुष लेखकांचा आहे असे मात्र कोणी समजू नये. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 मध्ये प्रसिद्ध झाल्या. मराठी आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान अढळ आहे, ते योग्यच आहे. परंतु तो 1901 मध्ये, न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबतो. मुंबईत 1904 मध्ये भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद, 1909 पासून पुण्याच्या सेवासदनाची उभारणी, पुढे मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून पुण्यात केलेली चळवळ, 1924 मध्ये मृत्यू येईपर्यंतचा हा सारा कर्तृत्वाचा काळ त्या आठवणींच्या बाहेर राहिला. पुस्तकातील रमाबाई शिकतात, सोसतात, सेवा करतात. माणसे निवडताना, वर्गणी गोळा करताना, नाराजांची समजूत घालताना त्या दिसत नाहीत. ‘आमच्या’ या शब्दातच लेखिकेने आपली मर्यादा सांगून टाकली आहे, आणि तिच्या काळाचा विचार करता तिला दोष देता येणार नाही. पण नंतरच्या पिढ्यांनी काय केले? त्यांच्या जीवनावर 2012 मध्ये सुरू झालेली ‘उंच माझा झोका’ ही दूरचित्रवाणी मालिका लाखो घरांत पाहिली गेली. तिचा जीवही त्या संसारातच रमला. शंभर वर्षांनीही प्रेक्षकांना हवी होती ती न्यायमूर्तींची छोटी पत्नीच.

याच्या उलट पार्वतीबाई आठवले यांची 1928 ची ‘माझी कहाणी’. अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून पैसा जमविणारी, इंग्रजी येत नसता अमेरिकेस जाऊन घरकामाची नोकरी करणारी ही बाई पैशाविषयी निःसंकोच लिहिते. संस्था चालविणे म्हणजे काय हे तिच्या पुस्तकात कळते. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत हे पुस्तक का लावीत नाहीत, हे आम्हांस कोडे आहे.

वैद्यकाच्या क्षेत्रातील एकच उदाहरण देतो. डॉ. रखमाबाईंचे नाव निघाले की 1884 पासून चार वर्षे गाजलेला खटला आठवतो. त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षे सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांच्या त्या प्रमुख होत्या. खटल्यात त्या प्रतिवादी होत्या, रुग्णालयात अधिकारी. आमच्या स्मरणात प्रतिवादी राहिली.

ललित वाङ्मयात संस्था चालविणारी नायिका मोठ्या कष्टाने शोधावी लागते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी 1982 मध्ये केलेला ‘उंबरठा’ हा बोलपट म्हणूनच मोलाचा वाटतो. सुलभा महाजन महिला सुधारगृहाची अधीक्षिका होते, नियामक मंडळाशी झगडते. या झगड्याचा तपशील बोलपटात भरपूर आहे. तरी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची चर्चा ऐकावी: तिने मुलीला सोडून जावयास नको होते, हाच सर्वांचा निकाल. नोकरीसाठी दूरगावी गेलेल्या बापाविषयी असा निकाल आम्ही तरी कधी ऐकलेला नाही.

राजकारणाविषयी थोडेच लिहितो. तो आमचा प्रांत नव्हे. गोव्यात भाऊसाहेब बांदोडकर 1973 मध्ये निवर्तले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. 1979 पर्यंत त्या पदावर होत्या. जनतेने त्यांना ‘ताई’ केले. महाराष्ट्र राज्यात 1960 पासून एकाही स्त्रीला ते पद मिळालेले नाही, हे ध्यानी घेता गोमंतकाचे कौतुकच वाटते. परंतु कुळांच्या जमिनीचा इतिहास कसा सांगितला जातो पाहा. 1964 च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले, ते भाऊसाहेबांच्या काळात. कुळांना मालक करणारी पाचवी दुरुस्ती 1976 ची आणि घरात राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा 1975 चा, हे दोन्ही ताईंच्या काळातले. लोकांच्या बोलण्यात मात्र सारे श्रेय ‘भाऊंनी जमीन दिली’ या तीन शब्दांत वडिलांकडे जाते. ताईंच्या सरकारचे दोषही होते आणि ते पडले ते काही उगाच पडले नाही. पण दोष आणि गुण दोन्ही त्यांच्याच नावावर मांडणारे चरित्र हवे. इकडे 1993 पासून पंचायतींत स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या, पुढे अनेक राज्यांत त्या निम्म्यावर गेल्या, आणि त्याबरोबर ‘सरपंचपती’ हा शब्द जन्मास आला. आरंभी सांगितलेल्या ‘पाटलीण’ची ही उलटी बाजू होय. पद बाईकडे आले तरी भाषेने पुरुषासाठी आत शिरण्याची खिडकी ठेवली.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा 1878 पासूनची. पहिली स्त्री अध्यक्ष होण्यास त्र्याऐंशी वर्षे लागली: कुसुमावती देशपांडे, ग्वाल्हेर, 1961. नंतर दुर्गा भागवत, कऱ्हाड, 1975. शांता शेळके, आळंदी, 1996. विजया राजाध्यक्ष, इंदूर, 2001. अरुणा ढेरे, यवतमाळ, 2019. तारा भवाळकर, दिल्ली, 2025. 2025 पर्यंतच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा. या सहांपैकी तीन महाराष्ट्राबाहेरच्या संमेलनांत झाल्या, याचा बृहन्महाराष्ट्रातील आम्हां मंडळींना अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा. अभिमानाला लगाम घालण्यासाठी मात्र आपल्या संस्थांच्या कार्यकारिणीची यादी समोर ठेवावी. आमच्या पाहण्यातील शाळांत शिक्षिकांची संख्या शिक्षकांहून अधिक आहे. सभांना श्रोत्यांत स्त्रिया अधिक असतात. पण कार्यकारिणीत त्यांच्याकडे बहुधा महिला शाखा आणि संक्रांतीचे हळदीकुंकू येते, कोषाध्यक्षपद क्वचित येते. मुख्याध्यापिका असलेल्या शाळेत शिरणारा पालक शिपायाला ‘मोठे सर कुठे आहेत?’ असे अजूनही विचारतो.

सहा अध्यक्षांत दुर्गाबाईंची गोष्ट वेगळी. आणीबाणी चालू असता, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असता, त्यांनी लेखनस्वातंत्र्याचा उच्चार केला आणि जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करविली. पुढे 1976 मध्ये त्यांना तुरुंगात जावे लागले. त्यांना कोणी माता म्हटले नाही, कोणाची कन्या अथवा पत्नी म्हणून त्यांची ओळख करून दिली नाही. अध्यक्षपदावरून त्यांनी काय केले हेच लोकांना आठवते. समाजाला हे जमू शकते, एवढे यावरून सिद्ध होते.

कुसुमावतींच्या वाट्याला मात्र ‘पहिली स्त्री अध्यक्ष’ हे बिरुद आले आणि कवी अनिलांच्या पत्नी ही ओळख राहिली. अनिल स्वतः 1958 मध्ये मालवणास अध्यक्ष झाले होते. त्यांचा परिचय ‘कुसुमावतींचे पती’ असा कोणी सभेत करून दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ग्वाल्हेरच्या संमेलनानंतर काही महिन्यांतच, 1961 च्या अखेरीस, कुसुमावती निवर्तल्या. ‘पासंग’ हा त्यांचा समीक्षालेखांचा संग्रह आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा त्यांचा दोन भागांतील ग्रंथ, दोन्ही 1953-54 चे. मराठी कादंबरीच्या शंभर वर्षांवर एका व्यक्तीने एकटीने निवाडा द्यावयाचा, थोरामोठ्यांची पायरी ठरवावयाची, हा वाङ्मयीन सत्तेचाच व्यवहार होय, आणि तो त्यांनी आवाज न चढविता केला. त्या निवाड्याशी वाद घालणारे लेखन आज आपल्या नियतकालिकांत दिसत नाही. आमच्या सभासद शिक्षकांनी यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत ते दोन भाग ग्रंथालयातून काढावेत, त्यात ज्या कादंबऱ्यांचा परामर्श घेतला आहे त्यांपैकी हाती लागतील तेवढ्या चाळाव्यात, आणि ‘यमुनापर्यटना’पासून पुढे शंभर वर्षांत हिशेबाची वही स्वतःच्या हाती असलेली नायिका कोणत्या पानावर भेटते ते टिपून या नियतकालिकाच्या संपादकांकडे पाठवावे.